किल्ला पाहावा तो त्याच्या वाटेसह

इंदूरला स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाने असा प्रश्न विचारला आहे: डिसेंबरात आठ दिवसांची सवड आहे, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि बारा वर्षांची मुलगी आहे, पुण्याहून भाड्याची गाडी घेण्याचा विचार आहे. महाराष्ट्रातले नामांकित किल्ले आणि निसर्गरम्य ठिकाणे पाहायची आहेत. पण यादी करायला बसल्यावर ती पंचवीस नावांच्या पुढे गेली, तेव्हा काय ठेवावे आणि काय गाळावे? किल्ल्यांवर लोकांना घेऊन जाणे हेच गेली अनेक वर्षे माझे काम असल्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आपली यादी प्रसिद्धीच्या क्रमाने झाली आहे आणि अडचण तिथेच आहे. कोणताही किल्ला केवळ उंच डोंगर सापडला म्हणून बांधला गेला नाही. त्याच्या नजरेच्या टप्प्यात एखादी घाटवाट, एखादी खाडी, एखादी बाजारपेठ होती आणि तिच्यावरून जाणारा माल, जकात व फौज यांवर ताबा ठेवणे हे त्याचे काम होते. ती वाट न पाहता नुसता किल्ला पाहिला, तर पडकी जोती, कोरडी टाकी आणि दूरवरचा देखावा एवढेच पदरी पडते, आणि तिसऱ्या किल्ल्यावर मुले हमखास कंटाळतात. म्हणून माझा आग्रह असा आहे की आपण चारपाचच किल्ले निवडावेत, पण त्यांतला प्रत्येक किल्ला ज्या वाटेचा राखणदार होता ती वाटही पाहावी. सह्याद्रीतली बहुतेक देखणी ठिकाणे या वाटांवरच असल्यामुळे निसर्ग पाहण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

सुरुवात जुन्नरपासून करावी. पुण्याहून जुन्नर साधारण 95 किलोमीटरवर आहे आणि तेथे दोन मुक्काम करावेत. शिवनेरीला सगळे जातात, कारण 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवाजी महाराजांचा जन्म तेथे झाला. परंतु शिवनेरीच्या आधी नाणेघाट पाहिला, तर शिवनेरी त्या जागी का आहे हे आपोआप कळते. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा बाजार आणि कल्याण-सोपाऱ्याची बंदरे यांना जोडणारी वाट या घाटातून जात होती. आज जुन्नरकडून घाटमाथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, त्यामुळे वडीलधाऱ्यांना फारसे चालावे लागत नाही. माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे, आणि तेथून कातळातल्या अरुंद नाळेत थोडेसे उतरले की कोरलेली गुहा लागते. तिच्या भिंतींवर नागनिका या सातवाहन राणीचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. केलेले यज्ञ, दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि नाणी यांची मोजदाद त्यात असल्यामुळे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत त्याची गणना होते. समोरच्या भिंतीवर एके काळी राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. आज पावलांचे काही अवशेष आणि वर कोरलेली नावे एवढेच उरले आहे, तरी मुलीला ती नावांची ओळ अवश्य दाखवा. दुपार कलल्यावर जावे, म्हणजे पश्चिमेचा उजेड अक्षरांवर येतो आणि कोकणातले धुकेही बऱ्यापैकी निवळलेले असते. शेजारचा जीवधन किल्ला घाटमाथ्यावरून डोळे भरून पाहावा. त्याच्या वाटेवरच्या तुटलेल्या पायऱ्या आणि उभा कातळ आई-वडिलांच्या सोयीचा नाही.

जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी ही नावे नकाशावर एकदा जोडून पाहा. घाटातून वर आलेला माल जुन्नरच्या पेठेत पोहोचेपर्यंत एकाही टप्प्यावर राखणीविना राहत नव्हता, हे त्या रेषेवरून कळते, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी शिवनेरी चढताना सात दरवाजांची ती मालिका निरर्थक वाटत नाही. शिवनेरीची पायऱ्यांची वाट सोपी आहे. वडीलधाऱ्यांनी सावकाश, सकाळच्या गारव्यात चढावी. शिवाईचे देऊळ, अंबरखाना, जन्मस्थानाची इमारत आणि कडेलोटाचे टोक हे सर्व जण पाहतात. मी त्यापेक्षा गंगा-जमुना टाक्यांपाशी अधिक थांबतो, कारण सह्याद्रीतल्या किल्ल्याचे आयुष्य त्याच्या पाण्यावर ठरत असे. हा सारा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. काही थर इतके घट्ट आहेत की त्यांत खोदलेले टाके वर्षभर पाणी धरून ठेवते, आणि हेच थर बाहेरच्या बाजूला उभे तुटले की आयता तट तयार होतो. ज्या कातळात गडकऱ्यांनी टाकी खोदली, त्याच डोंगराच्या कड्यात त्यांच्या कित्येक शतके आधी बौद्ध भिक्षूंनी लेणी कोरली. दोघांनी दगडाची पारख एकाच रीतीने केली होती.

आपल्या यादीत देवगिरी आणि वेरूळ आहेत, ते या वेळी गाळावेत असे मी म्हणेन, आणि ते कमी मोलाचे आहेत म्हणून मुळीच नव्हे. तासून उभी केलेली टेकडी, खडकात खणलेला खंदक आणि माणसाला दिशाभूल करणारा अंधारी मार्ग अशी देवगिरीची रचना दुसरीकडे पाहायला मिळणार नाही. पण छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून देवगिरी, वेरूळ आणि अजिंठा यांना तीन स्वतंत्र दिवस द्यावे लागतात. त्या वेळी वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, एवढे मात्र ध्यानात ठेवून आखणी करा.

तिसऱ्या दिवशी जुन्नरहून निघून संध्याकाळपर्यंत महाबळेश्वर गाठावे. सहलीचा सर्वांत सकस भाग येथून सुरू होतो. महाबळेश्वरला पोहोचताच बाजारात न रमता सूर्यास्तापूर्वी बॉम्बे पॉइंटला जावे, कारण प्रतापगड पहिल्यांदा पाहायचा तो येथूनच. समोर जावळीचे दाट रान, त्यात एकामागून एक उतरत गेलेल्या डोंगरसोंडा आणि त्यांच्या मधोमध मान वर काढून बसलेला गड दिसतो. गडावर उभे राहून ही जागा कधीच कळत नाही. घाटमाथ्यावरून कोकणातल्या महाडच्या बंदराकडे उतरणारा पार घाट या गडाच्या पायाशी होता. 1656 मध्ये जावळी मोऱ्यांकडून स्वराज्यात आली आणि त्याच सुमारास मोरोपंत पिंगळ्यांनी हा गड बांधला, तो याच घाटासाठी. 1659 मध्ये अफजलखानाची फौज वाईहून रडतोंडीच्या घाटाने या खोऱ्यात उतरली तेव्हा ती जाणूनबुजून अशा जागी आणली गेली होती की जेथे तिची संख्या, तिचे हत्ती आणि तिचा तोफखाना कामी येऊ नये. 10 नोव्हेंबर 1659 रोजी काय घडले ते प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पण ते तसे का घडू शकले याचे अर्धे उत्तर बॉम्बे पॉइंटवरून दिसणाऱ्या या भूमीत आहे, म्हणून मी लोकांना तेथे घाई करू देत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी प्रतापगड पाहावा. गाडी बरीच वर जाते, पायऱ्या बेताच्या आहेत. दरवाजातून आत शिरल्यावर लगेच पुढे निघून जाऊ नका. दरवाजा समोरून दिसत नाही, बुरुजांच्या कुशीत वळण घेऊन त्याच्यापर्यंत यावे लागते, त्यामुळे हत्तीला धडक मारण्यासाठी धाव घेता येत नाही. या रचनेला गोमुखी म्हणतात. आत दोन्ही बाजूंच्या भिंतींत अडसराची खाच शोधा. एका बाजूची खाच खोल असते, कारण दार उघडे असताना संपूर्ण लाकडी अडसर तिच्यात सरकवून ठेवायचा असे. मग तटावर चढा आणि एखाद्या जंगीला, म्हणजे तटातल्या मारा करण्याच्या भोकाला, डोळा लावा. जंग्या सरळ नसून खाली उतरत्या असतात, त्यामुळे त्यातून क्षितिज न दिसता आपण नुकतीच चालून आलेली पायवाट दिसते. बारा वर्षांच्या मुलीला वाटेवर उभे करून वडिलांनी जंगीतून तिला शोधावे, मग जागांची अदलाबदल करावी. युद्धशास्त्राचा याहून चांगला धडा कोणताही माहितीफलक देऊ शकत नाही.

गड उतरल्यावर पार गावाला जावे ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण बहुतेक गाड्या त्या फाट्यावरून सरळ निघून जातात. गावात रामवरदायिनीचे देऊळ आहे आणि जवळच कोयनेवर शिवकाळातला म्हणून ओळखला जाणारा दगडी कमानींचा पूल आजही उभा आहे. गडाच्या तटाला जेवढी मेहनत लागली, तेवढीच गड ज्या वाटेसाठी उभारला त्या वाटेच्या पुलालाही लागली होती, हे येथे प्रत्यक्ष पाहता येते. नंतर आंबेनळी घाटाने पोलादपूरला आणि तेथून महाडला उतरावे. घाट अरुंद व वळणांचा आहे, अंधार पडण्यापूर्वी उतरून जावे. महाडला चवदार तळ्यापाशी अवश्य थांबा. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे पाण्याचा हक्क बजावला ते ठिकाण आपल्या वाटेवरच आहे, आणि मुलीने रायगडाच्या आदल्या दिवशी ते पाहिलेले असावे असे मला मनापासून वाटते. मुक्काम महाडला किंवा रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला करावा. पाचाडला जिजाऊंचा वाडा आणि समाधी आहे, त्यामुळे तेथला मुक्काम मी अधिक पसंत करतो.

रायगडाला पूर्ण दिवस द्यावा. हिरकणीवाडीहून निघणारा रोपवे काही मिनिटांत वर नेतो आणि सत्तरीतल्या माणसांनी त्याचाच उपयोग करावा, यात काही कमीपणा नाही. मात्र रोपवे मेणा दरवाजाजवळ, म्हणजे राणीवशाच्या बाजूला सोडतो. त्यामुळे माणसे गड उलट्या क्रमाने पाहतात, आणि बहुतेकांचा महादरवाजा तर राहूनच जातो. यावर उपाय असा: सर्वांनी सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत रोपवेने वर जावे, राजसदर, नगारखाना, बाजारपेठ, जगदीश्वर आणि महाराजांची समाधी हे एकत्र पाहावे, दुपारी आई-वडिलांनी एका धडधाकट माणसाच्या सोबतीने रोपवेने खाली यावे आणि बाकीच्यांनी महादरवाजावरून चित दरवाजाकडे पायऱ्यांनी उतरावे. चालकाला गाडी तिकडे आणून ठेवायला आधीच सांगावे. पायऱ्या दीड हजाराच्या आसपास आहेत, उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून काठी जवळ ठेवावी. महादरवाजापाशी पोहोचलात की मागे वळून त्याच्या दोन्ही बाजूंचे बुरूज पाहा. वर येणारी वाट त्या दोन बुरुजांच्या माऱ्यात किती वेळ राहते, हे उतरतानाच नीट उमगते.

राजसदरेवर 6 जून 1674 रोजी राज्याभिषेक झाला. सिंहासनाच्या जागेवरून हळू बोललेले नगारखान्यापाशी ऐकू येते असे मार्गदर्शक सांगतात. गर्दी नसेल तर मुलीने ते करून पाहावे. बाजारपेठेची उंच जोती आणि मधला रुंद रस्ता पाहिला की हा केवळ लष्करी गड नव्हता, राजधानी होती, हे ध्यानात येते. परंतु मी स्वतः सर्वांत अधिक वेळ जगदीश्वराच्या देवळापाशी देतो. तेथे गड उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे दोन लेख आहेत: भिंतीतला संस्कृत शिलालेख, ज्यात त्यांनी विहिरी, तळी, मंदिरे, सभा अशी आपल्या कामाची यादी दिली आहे, आणि पायरीवरची ‘सेवेचे ठायी तत्पर’ ही छोटी ओळ. एवढे मोठे काम करणाऱ्या माणसाने नाव पायरीवर कोरावे, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाचे पाऊल त्यावर पडेल, ही गोष्ट मला दर वेळी थांबवते. त्या पायरीवर पाय न देता बाजूने जा. गडावर राजवाड्यांची नुसती जोतीच का उरली, असे मुलगी विचारील. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि आगीत लाकडी बांधकाम जळून गेले, हे तिला सांगा आणि तो डोंगरही दाखवा.

राजगड आपल्या यादीत वरच्या क्रमांकावर आहे, तो मात्र या खेपेला नको. तीन माच्या आणि बालेकिल्ला यांची ती रचना, विशेषतः संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी, ज्याला पाहायची असेल त्याने धडधाकट पायांनी, गडावर रात्र काढण्याच्या तयारीने जावे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचेही तसेच आहे. जंजिऱ्याचा मोह रायगडाहून होईलच, कारण तो दूर नाही, आणि तो किल्ला विलक्षण आहे यात शंका नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र होडीसाठी ताटकळावे लागते आणि आत मिळणारा वेळ थोडा असतो. आपल्याकडे आठच दिवस असताना समुद्री किल्ल्यांसाठी मालवणकडे जाणे अधिक फलदायी आहे.

सहावा दिवस प्रवासाचा आहे. महाडहून मुंबई-गोवा महामार्गाने सकाळी लवकर निघाल्यास संध्याकाळपर्यंत मालवण गाठता येते; त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. सातव्या दिवशी सिंधुदुर्ग पाहावा, पण होडीत बसण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी जावे. या खडकावर गणपती, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग कोरलेले आहे आणि 25 नोव्हेंबर 1664 रोजी किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा येथेच झाली. येथून समोर पाहिले की ओहोटीच्या वेळी पाण्यात जागोजागी खडकांचे माथे उघडे पडलेले दिसतात. मोठ्या जहाजांना या खडकांतून वाट काढणे जिवावरचे होते, आणि स्थानिक दर्यावर्दींना ती वाट पाठ होती. किल्ल्यासाठी हे कुरटे बेट निवडण्यामागचे कारण हेच आहे. घाटावर जे काम कड्याने केले, ते येथे बुडालेल्या खडकांनी केले. किल्ल्याची तटबंदी सुमारे तीन किलोमीटर लांब, नागमोडी आहे. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते, आणि महादरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे आहेत, आणि चारी बाजूंनी खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात. डिसेंबरात तशी अडचण नाही, फक्त वर्षअखेरीच्या गर्दीचे दिवस टाळावेत.

आठव्या दिवशी देवगडमार्गे विजयदुर्गला जावे आणि तेथूनच कणकवलीला येऊन परतीची रेल्वेगाडी पकडावी. विजयदुर्गला गाडी थेट पोहोचते, चढ थोडा आहे, त्यामुळे आई-वडिलांना हा किल्ला निवांत पाहता येतो. तिहेरी तटबंदी, समुद्राकडे झेपावलेले बुरूज आणि पाठीशी वाघोटनची खाडी अशी त्याची जागा आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे होते. 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी ते घेतले आणि त्या लढाईत बंदरातले आरमार जळाले. इंग्रजांना त्यात पेशव्यांची साथ होती, ही आपल्या इतिहासातली कडू गोष्ट आहे आणि ती मुलीपासून लपवू नये. किल्ला पाहून झाला की खाडीच्या आतल्या बाजूला गिर्ये गावाजवळची आरमारी गोदी शोधावी. खडकात खोदलेल्या या जागेत जहाजे दुरुस्तीला येत असत. तेथे प्रवासी क्वचितच जातात. गावात विचारल्यास कोणीही वाट दाखवील.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. शिवनेरी, प्रतापगड, रायगड, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग असे आपल्या मार्गावरचे पाचही किल्ले त्यात आहेत. त्यामुळे गर्दी धरून चालावी आणि किल्ल्यांच्या दिवशी शनिवार-रविवार जमेल तेवढे टाळावेत. गडांच्या कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून उग्र अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये आणि पोळ्याखाली आरडाओरडा करू नये. पाणी माणशी दोन लिटर तरी जवळ असावे. जेवण पायथ्याच्या गावातल्या घरांत आधी सांगून ठेवावे. भाकरी, पिठले आणि ताक मिळते, आणि आपला पैसा गड सांभाळणाऱ्या गावातच राहतो.

तारखा नक्की करण्यापूर्वी पंचांग मात्र उघडा. सिंधुदुर्गाभोवतीचे खडक आणि विजयदुर्गची गोदी या दोन्ही गोष्टी ओहोटीलाच नीट दिसतात. कोकणातला जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, आणि तिच्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे दशमीला ओहोटी दुपारी दीडच्या सुमारास, एकादशीला सव्वादोनच्या आणि द्वादशीला तीनच्या सुमारास येते. सातवा दिवस दशमीला आणि आठवा एकादशीला येईल अशा बेताने पुण्याहून निघालात, तर मालवणला दुपारी खडक उघडे दिसतील, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विजयदुर्ग, दुपारी गिर्ये आणि रात्रीची गाडी हे सगळे धावपळ न करता साधेल.